पहिला हंडा

मनोरच्या हमरस्त्यालगत एक मोठे हॉटेल आहे. त्याच्या बागेत, झोपाळ्यांच्या शेजारी, एक गुलाबी रंगाची छोटी आगगाडी उभी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण तिच्यावर बसून फोटो काढून गेले आहेत. कोणी घंटा वाजवली, कोणी धुराड्यात वेफरची रिकामी पाकिटे कोंबली. तुम्हाला वाटले असेल, हे एक खेळणे आहे. मी खेळणे नाही. मी एक जुने वाफेचे इंजिन आहे. माझ्या पोटात खरा विस्तव पेटत असे, माझ्या अंगात खरी वाफ खेळत असे, आणि बारा मुलांना मागे घेऊन मी धावत असे. आज जे सांगणार आहे, ते मी सहा वर्षे पोटात ठेवले आहे. पोटात म्हणजे अगदी खरोखरच पोटात.

माझा जन्म नवापूरचा, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचा. मला घडवणारे प्रताप तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर फिटर होते. घर मासेमारीचे, भाऊ बोटीवर, आणि हे एकटेच पाळीची नोकरी करणारे. पाळी संपली की सायकलवरून घरी यायचे, भात-कालवण खायचे आणि पडवीत माझ्यापाशी बसायचे. अशी नऊ वर्षे गेली. माझे पोट, म्हणजे बॉयलर, भंगारात निघालेल्या एका जाड नळाचे आहे. चाके बोईसरला ओतून आणली. घंटा त्यांच्या आजोबांच्या होडीवरची. पितळेची शिट्टी मात्र त्यांनी चार वेळा केली, कारण पहिल्या तीन त्यांच्या बायकोला, जयवंतीला, पसंत पडल्या नाहीत. पहिली ऐकून ती म्हणाली, "ही तर कोंबडी हाय." पुढच्या दोन ऐकून ती नुसती हसत सुटली. चौथी वाजली तेव्हा ती चुलीपुढून उठून बाहेर आली आणि पदराला हात पुसत उभी राहिली. ती शिट्टी राहिली.

मी मोटारसायकलपेक्षा थोडे लांब आहे. माझे रूळ वीतभर रुंदीचे. पण वजन असे, की चार धडधाकट माणसांनी उचलायचे म्हटले तरी मी जागचे हलत नसे.

आता एक रीत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. नवापुरात मासळीची वाटणी होते तेव्हा माणसांच्या आधी बोटीचा वाटा बाजूला निघतो. बोट लाकडाची, तिला ना तोंड ना पोट. तरी तिचा वाटा आधी, कारण तिच्यावाचून कोणीच दर्यात जाऊ शकत नाही. प्रतापनी माझ्यासाठी तीच रीत धरली. आमच्या गावात पाणी खारे. विहीर खारी, बोअरही खारी. पावसाचे पाणी पत्र्यावरून धरून मागच्या टाकीत साठवायचे, आणि ते संपले की टँकरची वाट बघायची. त्या गोड्या पाण्यातला पहिला हंडा माझा असे. मला चालवायचे त्या दिवशी घरात कोणी तोंड धुण्याआधी तो माझ्या टाकीत ओतला जाई. "पोरीला लोटी नि माझ्या सवतीला हंडा," असे जयवंती म्हणायची. पण हंडा तीच आणायची, आणि ओतताना एक थेंब सांडू द्यायची नाही.

बॉयलरवर जन्म घालवलेल्या माणसाला पाण्याचे भय ठाऊक असते. माझ्या बॉयलरला एक काचेची नळी आहे. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसते. पाणी त्या काचेखाली गेले, की माझ्या भट्टीचे छप्पर कोरडे पडते आणि तापून लाल होते, मग बॉयलर फुटायला वेळ लागत नाही. प्रतापनी आपली मुलगी दीपा हिला मला चालवायला शिकवले तेव्हा पहिल्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "विस्तव विझला तरी चालेल, शिट्टी नाय वाजली तरी चालेल. काचेवरून डोळा हलवायचा नाय."

दीपा तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचा डोळा कधी हलला नाही, हे मी आजही सांगते.

ती सुरूच्या काटक्या रचून विस्तव करायची, वर मूठमूठ कोळसा घालायची. तासाभराने माझ्या अंगात ऊब भरायची, वाफेच्या दाबाचा काटा हलायचा, आणि मी पहिला उसासा टाकायचे. गावातल्या शाळेत, आसपासच्या जत्रांत, प्रदर्शनांत मला बोलावणी येत. रस्त्याने जायचे तर टेंपोतून. तुम्ही म्हणाल, एवढे जड इंजिन टेंपोत चढते कसे? त्याचा कारभारी होता प्रीतम.

प्रीतम हा प्रतापच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याचे वडील दर्यात गेले ते परत आले नाहीत, तेव्हापासून तो याच घरात वाढला. बोटींची इंजिने दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा किनाऱ्यावर कोणी नव्हता. तो मला टेंपोत चढवायचा ते होडी ओढतात त्या पद्धतीने. दोन फळ्यांवर रुळांचे तुकडे ठोकून उतार करायचा, त्याला माशांचे तेल चोळायचा, आणि मला बोटीच्या दोराने शेपटीकडून वर घ्यायचा. चार माणसे तालावर ओढत आणि प्रीतम माझ्या चाकामागे पाचर सरकवत चाले, म्हणजे दोर सुटला तरी मी कोणाच्या अंगावर यायला नको. वर गेले की धुराडे काढून गोणपाटात गुंडाळायचे, बॉयलर रिकामा करायचा, चाके चारही बाजूंनी बांधायची. "बांध नीट, नायतर बोईसरच्या फाटकाजवळ उतरून एकटीच जाईल गुजरातेत," असे तो म्हणायचा. त्याचा हात माझ्या अंगावर असला की मी निर्धास्त असे. मित्रांनो, हे मुद्दाम सांगते. परक्याने केलेले लागत नाही इतके.

सहा वर्षांपूर्वी जानेवारीत कोळगावच्या मैदानावर मोठे प्रदर्शन भरले होते. मला दोन दिवसांचे बोलावणे होते. दीपा तेव्हा पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. निघण्याच्या सकाळी तिने माझ्या बॉयलरच्या तळाचे पितळी बूच नव्या पांढऱ्या टेपने गुंडाळून बसवले. जयवंतीने पहिला हंडा ओतला. वर सहा कॅन गोडे पाणी बरोबर न्यायचे होते, ते भरायचे काम प्रीतमकडे होते.

टाकी घराच्या मागे, तिचा नळ बारीक. सहा कॅन भरायला अर्धा तास लागला असता. प्रीतमला संध्याकाळच्या भरतीला परत यायचे होते. त्याने टेंपो धक्क्यावर नेला आणि बोटी धुवायच्या विहिरीतून सहाही कॅन दोन मिनिटांत भरले. त्या विहिरीचे पाणी समुद्राच्या खालोखाल खारे. मी टेंपोतच होते. माझ्या अंगावर थाप मारून तो म्हणाला, "बोटीची मशीन जन्मभर दर्या पिते. तुला काय झालंय?"

त्याला खरेच तसे वाटत होते. बोटीच्या इंजिनाला समुद्राचे पाणी बाहेरून थंड करायला लागते, ते आत येते आणि निघून जाते. माझे तसे नाही. माझ्या पोटात पाणी आटते आणि मीठ मागे राहते. खारे पाणी उकळले की फेसाळते. दूध उतू जाताना पातेले काठोकाठ भरलेले दिसते, पण विस्तव काढला की खरे दूध किती ते कळते. तसेच माझे झाले. सकाळी गोड्या पाण्यावर मी छान धावले. दुपारनंतर कॅन ओतले गेले, आणि काच खोटे बोलू लागली. पाणी अर्ध्यावर दिसत होते, आत मात्र फेस होता. दीपा काचेकडे बघत होती. तिचा फोन खिशात होता, तो तिने सकाळपासून बाहेर काढला नव्हता. मला ठाऊक आहे, कारण तिचे दोन्ही हात माझ्यावर होते.

माझ्या भट्टीच्या छपरात शिशाचे एक छोटे बूच होते. छप्पर कोरडे पडले की ते वितळावे आणि वाफेने विस्तव विझवावा, म्हणून प्रतापनी ते बसवले होते. त्या दुपारी ते वितळले. मोठा आवाज झाला, माझ्या पोटातून राख आणि वाफ उसळली. मागच्या डब्यातली मुले घाबरून उड्या टाकू लागली. एका लहान मुलीचा हात मोडला. दुसरे काही झाले नाही. पण लोक धावून आले, तिची आई रडत होती, आणि सगळे विचारत होते की पोरीच्या हातात कोणी दिले हे.

दीपाचा चेहरा राखेने माखला होता. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, पाणी अर्ध्यावर होतं. मी बघत होते."

प्रताप प्रीतमकडे वळले. त्याने रिकाम्या कॅनांकडे पाहिले. आपण काय केले ते त्याच्या लक्षात आले, हे मला दिसले. मग तो म्हणाला, "काका, ती फोनवर होती."

त्या वाक्याने माझे शिसे वितळले त्याहून जास्त काहीतरी वितळले.

आम्ही घरी आलो. मला पडवीत ठेवून माणसे गेली. दिवेलागणीला प्रताप एकटे माझ्यापाशी आले. त्यांनी तळाचे बूच फिरवून काढले, उरलेले गढूळ पाणी ओंजळीत घेतले आणि जिभेला लावले. ते थुंकले. मग जमिनीवरच बसले. मला वाटले, आता ते हाक मारतील. दीपा आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. एक हाक पुरली असती.

होळीनंतर प्रीतमच्या हाती बोट द्यायचे ठरले होते. तो तांडेल होणार होता. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. त्याच्या शब्दावर सहा-सात माणसे दर्यात जातात, आणि खोटे बोललेल्या माणसामागे कोणी जात नाही. प्रतापना हे माहीत होते, आणि हा मुलगा त्यांच्या बुडालेल्या भावाचा होता. टेप शोधण्याऐवजी त्यांनी पडवीत टांगलेल्या जाळ्याचा एक दोरा ओढला, बुचाभोवती गुंडाळला, जाळे विणून संपताना मारतात तशी दुहेरी गाठ मारली, टोक दातांनी तोडले. बूच घट्ट बसवले. माझ्या पोटातले मीठ माझ्या पोटात राहिले. ते आत गेले आणि दीपाला म्हणाले, "असू दे. झालं ते झालं."

त्यांनी तिला माफ केले, मित्रांनो. न केलेल्या चुकीबद्दल.

त्यानंतर गावात तिला फोनवाली म्हणू लागले. धक्क्यावर बायका मासळी निवडताना म्हणत, लहान पोरेही म्हणत. माझा पहिला हंडा बंद झाला. प्रताप माझ्या वाटेने जाईनासे झाले, पडवीतून जायचे टाळून मागच्या दाराने ये-जा करू लागले. पावसाळ्यापूर्वी मनोरचे हॉटेलवाले मेहुलशेठ आले, आणि प्रतापनी मला त्यांना असेच देऊन टाकले. उचलून न्या, एवढेच म्हणाले. न्यायला प्रीतम आला नाही. क्रेनचा पट्टा माझ्या कमरेला घालून मला उचलले, धुराडे न काढताच. ते टेंपोच्या टपाला लागून वाकले. ना रूळ, ना पाचर. मनोरपर्यंत प्रत्येक खड्ड्यात मी आपटत गेले.

इथे मला गुलाबी रंग दिला. पितळेलाही दिला. शिट्टी गेली, तिच्या जागी एक स्पीकर आला. माझ्याशी बोलणारी एकच होती, बाग झाडणारी मंगळी. ती डोंगरातल्या पाड्यावरची. रोज सकाळी माझ्या धुराड्यातली पाकिटे काढायची आणि म्हणायची, "काय खाल्लंस गो रात्रभर?"

यंदा पावसाळा सरता सरता मेहुलशेठनी ठरवले की दिवाळीच्या सुट्टीत माझ्यातून धूर यायला हवा. लग्नात वापरतात ते धुराचे मशीन माझ्या पोटात बसवायचे, त्यासाठी बॉयलर कापायचा. माणूस सभ्य. त्यांनी प्रतापना फोन करून विचारले. प्रताप जेवत होते. ते घास न थांबवता म्हणाले, कापा.

शेजारी दीपा जेवत होती. आता ती तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, रोज बॉयलरचे पाणी तपासते. खारे पाणी फेसाळते आणि काच फसवते, हे तिला तिथल्या एका वयस्कर बाईने शिकवले होते. त्या दिवसापासून तिच्या मनात काहीतरी वळवळत होते. आणि ज्या माणसाने आपल्या इंजिनाला कोणाचा पाना लागू दिला नाही, तो कापा म्हणतो. ती पुढच्याच रविवारी स्कूटरवर मनोरला आली. हे सगळे तिने नंतर मंगळीला सांगितले, तेव्हा मला कळले.

मी तिला सहा वर्षांनी पाहत होते. तिने माझ्या काचेवरचा गुलाबी रंग नखाने खरवडला. मग खाली वाकून बुचाला पाना लावला. सहा वर्षे मी याच क्षणाची वाट पाहिली होती, आणि आता मला वाटू लागले की तिने ते बूच काढू नये. तिला प्रीतमचे मीठ शोधायचे होते. तिथे आणखी एकाची गाठ होती.

बूच निघाले. तिने बोट आत घातले, पांढरी खपली काढली आणि जिभेवर ठेवली.

मंगळी झाडू टेकून बघत होती. "बाय, लोखंड खातेस का काय?"

दीपा हसली. मोकळे, पोटातून. "खारट हाय," ती म्हणाली. "मंगळीताई, खारट हाय हे. मी बघत होते पाणी."

मग तिची नजर हातातल्या बुचावर गेली. पांढरी टेप नव्हती. जाळ्याचा निळा दोरा होता, दुहेरी गाठ, प्रतापच्या सवयीप्रमाणे दातांनी तोडलेले टोक. तिने ते बूच उलटसुलट करून पाहिले. तिचे हसू कधी थांबले ते मला कळलेच नाही. ती माझ्या चाकापाशी मातीत बसली आणि तिने फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मीही ऐकले.

"बाबा, तुमी चाखलं होतं ना?"

हमरस्त्यावरून एकामागून एक ट्रक गेले.

"तू सासरी जायची होतीस, पोरी," प्रताप शेवटी म्हणाले. "त्याला दर्यात जायचं होतं."

"मी सासरी गेले नाय, बाबा. मी हितंच हाय."

तिने फोन ठेवला. मेहुलशेठकडे जाऊन ती म्हणाली, कापू नका, दिवाळीपर्यंत मी खरी वाफ काढून दाखवते. खरी वाफ म्हटल्यावर शेठ लगेच कबूल झाले. त्यानंतर दर रविवारी ती स्कूटरवर दोन कॅन गोडे पाणी घेऊन येते. माझे पोट धुते, पाणी बाहेर काढते, चाखते, थुंकते. छपरात नवे शिसे बसवले. वाकलेले धुराडे मंगळीच्या नवऱ्याने, भिकाने, ठोकून सरळ केले. पाचव्या रविवारी माझ्यातून निघालेले पाणी तिने चाखले आणि थुंकले नाही, गिळले.

सहाव्या रविवारी फाटकातून प्रताप आले. एसटीने आले होते. खांदे उतरलेले, आणि दोन्ही हातांत धरलेला तांब्याचा हंडा. तोच. नवापूरहून इथवर त्यांनी तो मांडीवर धरून आणला असावा, शर्ट पुढून भिजला होता. ते माझ्या टाकीचे झाकण उघडायला पुढे झाले. दीपाने झाकणावर हात ठेवला.

"आधी धक्क्यावर सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. मग ओता."

"प्रीतमला आता पोर हाय."

"मी पण कोणाची तरी पोर हाय, बाबा."

एकदा त्यांनी माझ्या घंटेकडे पाहिले, वाजवली नाही. मग हंडा माझ्या पुढच्या चाकापाशी ठेवला आणि रस्त्याकडे निघाले. एसटी मिळाली की नाही, कोण जाणे. ते धक्क्यावर जातील का, हेही मला ठाऊक नाही. दीपाने त्यांना हाक मारली नाही. तिने बुचाला पांढरी टेप गुंडाळली आणि स्वतःच्या हाताने ते बसवले.

मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, गंज काढा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच मागते. तुमच्यातला कोणी म्हणाला की मी बघत होतो, मी बघत होते, तर त्याला नाव ठेवण्याआधी बूच काढा आणि पाणी चाखून पाहा. एक थेंब पुरतो. आणि चाखल्यावर खारट लागले, तर ते मोठ्याने सांगा, मग ते कोणाच्याही हातचे असो.

हंडा अजून माझ्या चाकापाशी आहे. मंगळीने त्यावर ताट झाकून वर दगड ठेवला आहे, पाखरांनी तोंड घालू नये म्हणून. मला तहान लागली आहे, खूप लागली आहे. पण माझा वाटा मला असा चोरून नको. दिवाळीला अजून अकरा दिवस आहेत.